स्पिंडल परत वाजायला लागला? बेअरिंग मागवण्याआधी एवढं बघा

गणपती गेले की माझा फोन वाजायला लागतो. उद्यमबागेतून, मच्छ्यातून, काकती-होनग्याकडून, कधी पार निपाणीहून. बेळगावात गणपतीचे दिवस म्हणजे शॉप बंद, नाहीतर अर्ध्या माणसांवर चालू. मशीन थंडगार उभं. विसर्जनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑपरेटर येतो, थकलेली डिलिव्हरी डोक्यावर असते, आणि पहिलाच प्रोग्रॅम थेट ८,००० आरपीएमवर. दुपारपर्यंत मालकांचा फोन: "अण्णा, व्हीएमसीचा स्पिंडल वाजतोय. येताना बेअरिंगचा सेट घेऊनच या."

व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन, आणि स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरवणारा त्याचा शाफ्ट. मी सेट न घेता जातो. पिशवीत लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारा), ३०० मिलीमीटरचा टेस्ट बार (तपासायचा अचूक दांडा), प्रशियन ब्लूची ट्यूब (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग), तापमान बघायची गन आणि धुतलेल्या जुन्या धोतराचे तुकडे. कॉटन वेस्ट नेत नाही, त्याचे धागे टेपरमध्ये, म्हणजे टूल बसायच्या निमुळत्या भोकात, अडकून बसतात.

कारण असं की "बेअरिंग गेलं" म्हणून दाखवलेल्या स्पिंडलांत बेअरिंग शाबूत असलेले मी पुष्कळ बघितले. आणि जिथं खरंच गेलं होतं, तिथं नुसतं नवं बसवून दिलं की पाच-सहा महिन्यांत तेच मशीन, तोच आवाज, तोच फोन. पहिल्यांदा ज्यानं बेअरिंग मारलं तो तिथंच बसलेला असतो.

हे सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या मशीनसाठी: बीटी-४० टेपर (टेपरचं ठरलेलं माप), ८,००० ते १२,००० आरपीएम, बेल्टवर किंवा मोटरला थेट जोडलेला, आत ग्रीस भरलेली अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं. बीटी-३० च्या टॅपिंग सेंटरलाही बहुतेक लागू. मोटर स्पिंडलच्या आतच असलेले, २०,००० च्या पुढचे स्पिंडल असतील तर यातल्या बाहेरून करायच्या तपासण्या तेवढ्या घ्या. ते उघडायचं काम आपलं नव्हे.

लक्षणं

आवाज कसला आहे ते आधी नीट ऐका. बारीक शिट्टी आणि बेल्ट सैल केल्यावर ती गेली, तर बेल्ट. स्पीड वाढेल तशी चढत जाणारी घरघर, जात्यात खडा आल्यासारखी, तर बेअरिंगकडे बोट. एकाच ठरावीक स्पीडला, समजा ५,२०० ला, थरथर आणि वरखाली केलं की शांत, तर होल्डरचं (टूल ज्यात धरलेलं असतं त्याचं) बॅलन्स नाहीतर मशीनच्या बॉडीचं कंपन. टूल बदलताना "ठक्" असा मोठा आवाज येऊन होल्डर खाली पडल्यासारखा सुटतो, किंवा सुटतच नाही, तर ड्रॉबार, म्हणजे स्पिंडलच्या आतून होल्डर वर खेचून धरणारा दांडा.

जॉब काय सांगतो तेही बघा. बोअर ओव्हल येतोय, फेसिंग करताना कटरच्या मागच्या बाजूचे ओरखडे उठतायत, कालपर्यंत आरशासारखी येणारी फिनिश आज शेवाळ्यासारखी येतेय, इन्सर्ट (कटरची पाती) नेहमीच्या निम्म्या जॉबमध्येच तुटतायत. होल्डर काढून त्याचा टेपर बघा. त्यावर तांबूस-तपकिरी भुकटी दिसली तर होल्डर आत घट्ट बसत नाही, घासतोय. ही खूण आवाजापेक्षा जास्त खरं बोलते आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही.

स्पिंडलच्या नाकाशी, म्हणजे खालच्या तोंडाशी, हात टेकवेना इतकं गरम. रिकामा फिरताना लोड मीटर पूर्वीपेक्षा वर. कंट्रोल फॅनुकचा असेल तर अलार्म ९००१, म्हणजे मोटर तापली, किंवा ९००२, म्हणजे सांगितलेला वेग आणि मिळालेला वेग जुळत नाही.

एक लक्षण मात्र यादीतून काढून टाका. सकाळी पहिल्या तासाभरात झेडचं (वर-खालीचं) माप सरकतं म्हणून बेअरिंग बदलायला निघालेले मालक मला भेटलेत. पोलाद एका अंशाला मीटरमागं साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ३०० मिलीमीटर लांबीचा स्पिंडल २० अंशांनी तापला तर ७० मायक्रॉनच्या आसपास लांब होणारच. ते नैसर्गिक आहे. त्याला वॉर्मअप लागतो, बेअरिंग नव्हे.

मग ऑपरेटरशी बोला. मालकांसमोर नाही. कुठं धडकलं का, हे मालकांसमोर कोणी सांगत नाही. चहाला बाहेर काढा. खानापूरकडचा पोरगा असेल तर मराठीतून सांगतो. बैलहोंगलकडचा असेल तर आधी "सौंड बराकत्तैति री" (आवाज येतोय हो) एवढंच म्हणतो आणि दुसऱ्या कपाला खरी गोष्ट बाहेर येते: मागच्या महिन्यात टूलच्या उंचीचा आकडा (ऑफसेट) चुकला होता, फेस मिलचा कटर व्हाइसवर बसला होता. तुमची निम्मी तपासणी तिथंच संपली.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली, होल्डर बदला. चांगला, आखूड, माहितीतला होल्डर लावून १,०००, ३,०००, ५,००० आणि मग ८,००० अशा टप्प्यांत फिरवा. आवाज गेला तर दोष टूलमध्ये होता. स्पिंडल सांभाळून ठेवा आणि होल्डरवर खर्च करा. टूल न लावता पूर्ण स्पीडला मात्र पळवू नका. होल्डर नसताना ड्रॉबारच्या स्प्रिंगा त्यांच्या ठरलेल्या जागी नसतात, बऱ्याच मॅन्युअलमध्ये त्याला मनाई असते.

दुसरी, पुल स्टड, म्हणजे होल्डरच्या टोकाचा, ड्रॉबार ज्याला पकडतो तो खिळा. ही अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट म्हणून जरा थांबून सांगतो. बीटी-४० चे स्टड ४५ अंशाचे असतात आणि ६० अंशाचेही. डब्यात एकत्र पडले तर लांबून ओळखू येत नाहीत. तुमच्या ड्रॉबारची पकड एकाच कोनाची. चुकीचा स्टड आला की पकड पूर्ण तोंडानं न धरता कडेवर धरते. टूल बसतं, फिरतं, ड्रिलिंगही होतं. पण मोठ्या कटरला टेपरमध्ये किंचित हालतं, तांबूस भुकटी पडते, पकडीचे ओठ झिजतात. मच्छ्याच्या एका शॉपमध्ये दोन वेळा बेअरिंग बदलून झाल्यावर मला बोलावलं. चोवीस होल्डरांच्या मॅगझिनमध्ये पाच स्टड वेगळ्या कोनाचे निघाले. नवीन होल्डर घेताना दुकानदारानं "बीटी-४० चा स्टड" म्हणून दिले, यांनी लावले. स्टड बदलले, झिजलेली पकड बदलली, बेअरिंगला हात लावला नाही. पाचच्या पाच होल्डरांवर फेस मिल आणि बोअरिंग बारच होते, म्हणून "कधी वाजतो, कधी नाही" असं चाललं होतं.

तिसरी, टेपर पुसणं. टूल काढा, इमर्जन्सी दाबा, मग धोतराच्या तुकड्यानं आत पुसा आणि कापड उजेडात बघा. फिरत्या स्पिंडलजवळ कापड न्यायचं नाही, एका फेऱ्यात बोटं आत जातात. आपल्याकडं बीडाचं काम जास्त. बीडाचा काळा भुसा कूलंटमध्ये मिसळला की ग्राइंडिंग पेस्टच तयार होते. त्यात फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या पोटात कोअरची वाळू राहिलेली असली तर विचारूच नका. कास्टिंग मशीनवर चढवण्याआधी उलटं करून दोन ठोके द्या आणि खाली कागद धरा. कागदावर पडेल ती वाळू पुढं लॅबिरिंथमधून (नाकाच्या आतल्या नागमोडी फटीतून) बेअरिंगकडं जायला निघालेली असते.

चौथी, हवा. बेअरिंगमध्ये कूलंट जाऊ नये म्हणून स्पिंडलच्या नाकाशी सतत थोडी हवा बाहेर सोडलेली असते. ती बंद असेल तर गरम स्पिंडल थंड होताना ओलसर कूलंटची वाफ आत ओढतो. नाकाशी बोट न नेता पातळ कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. मग फिल्टरचा वाडगा बघा. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात कॉम्प्रेसरच्या टाकीतून दर शिफ्टला पाणी निघतं, आणि पत्र्याच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरचा ऑटो ड्रेन गंजून बसलेला असतो. जी हवा बेअरिंग वाचवायला सोडली तीच पाणी घेऊन आत जाते. पावसाळ्यात गेलेल्या बेअरिंगांत मला हेच कारण सगळ्यात जास्त सापडलंय. किंमत: रोज सकाळी एक कॉक उघडायचा.

पाना लागणाऱ्या तपासण्या

बेल्टवाल्या मशीनला सगळ्यात निर्णायक तपासणी ही: मेन स्विच बंद करून कुलूप लावा, बेल्ट उतरवा आणि स्पिंडल हातानं फिरवा. लोण्यात फिरल्यासारखा फिरला पाहिजे. कुठं अडला, खडखड लागली, कुठं सैल कुठं जड लागला तर बेअरिंगची शंका खरी. मग बेल्ट बाहेरच ठेवून मोटर एकटी फिरवा. आवाज तसाच असेल तर दोष मोटरच्या बेअरिंगमध्ये आहे आणि तुम्ही लाखाच्या खर्चातून वाचलात. काही मशीनवर स्पिंडलचा एनकोडर (वेग मोजणारा) वेगळा असतो, बेल्ट नसताना अलार्म येईल. घाबरायचं नाही.

बेल्ट परत लावताना पुलीच्या खोबणीतली काळी रबरभुकटी साफ करा. टेन्शन मॅन्युअलप्रमाणे. "सरकू नये म्हणून जरा जास्त ताणलाय" हे वाक्य ऐकलं की मी मागच्या बेअरिंगची चौकशी करतो. सगळा ओढा त्याच्यावर येतो.

आता डायल. इथं घाई नको, कारण इथंच चुकीचा निकाल निघतो.

डायलचा काटा आधी थेट स्पिंडलच्या टेपरच्या आतल्या तोंडावर लावा आणि हातानं फिरवा. काटा जेवढा हलतो ते रनआउट. चांगल्या स्पिंडलला २-३ मायक्रॉन. ५ च्या पुढं गेला तर डोळे उघडा. मग टेस्ट बार लावा. नाकाजवळ आणि ३०० मिलीमीटर खाली असं दोन ठिकाणी घ्या. खाली १० ते १५ मायक्रॉनपर्यंत मी चालवून घेतो. २५-३० आलं तर मग पुढचा खेळ: जिथं काटा सगळ्यात वर गेला तिथं बारवर आणि स्पिंडलच्या नाकावर मार्करनं खूण करा. बार काढा, १८० अंश फिरवून परत लावा, परत घ्या. वरची जागा बारबरोबर फिरली तर बार वाकडा आहे किंवा त्याच्या टेपरवर घाण आहे. जागा स्पिंडलच्या खुणेवरच राहिली तर दोष स्पिंडलचा. एवढं न करता नुसतं "४० मायक्रॉन रनआउट आहे" म्हणून फोन करणाऱ्यांना मी हेच करायला लावतो, आणि निम्मे परत फोन करत नाहीत.

नंतर प्ले, म्हणजे सैलपणा. काटा नाकावर खालून लावून टेबलवर लाकडी ठोकळा ठेवा, लाकडी दांड्यानं हलकेच वर रेटा आणि सोडा. सोडल्यावर काटा मूळ जागी आला पाहिजे. मायक्रॉन-दोन मायक्रॉन लवचिकता ठीक. ५ च्या वर गेला, किंवा सोडल्यावर परत आलाच नाही, तर प्रीलोड, म्हणजे बेअरिंग सैल राहू नये म्हणून आधीच दिलेला दाब, गेला. लोखंडी पहार वापरू नका आणि झेड अ‍ॅक्सिस खाली दाबून टेबलवर टेकवायचा शहाणपणा तर अजिबात नको. स्पिंडल तपासायला जाऊन बॉलस्क्रूचं बेअरिंग जाईल.

टेपरला ब्लू. टेस्ट बारच्या टेपरवर तीन ठिकाणी उभ्या, अगदी पातळ रेषा ओढा, बार बसवून थोडा फिरवून काढा. निळा डाग ८० टक्क्यांच्या वर पसरलेला आणि मोठ्या तोंडाकडं भरीव हवा. फक्त बारीक टोकाकडं लागला तर टेपर तोंडाशी घंटेसारखा फाकलाय. अशा स्पिंडलला जगातलं सगळ्यात भारी बेअरिंग घातलं तरी टूल हालणारच.

शेवटची, ड्रॉबारची ताकद मोजणं. मोजायचं गेज महाग असतं, विकत घ्यायची गरज नाही. दोन-चार शॉपनी मिळून घ्या किंवा सर्व्हिसवाल्याकडून मोजून घ्या. बीटी-४० ला साधारण ७ ते १२ किलोन्यूटनच्या पट्ट्यात मशीनप्रमाणे आकडा असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. त्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी आला तर आतल्या वाटीच्या आकाराच्या डिस्क स्प्रिंगा तुटल्या किंवा बसल्या. टूल बदलायचा आवाज बदलतो तो यानंच.

कंपन मोजायचं हाताचं मीटर असेल तर नाकाशी एकाच जागी, एकाच स्पीडला, दर महिन्याला घ्या. एकट्या आकड्याचा उपयोग कमी, चढत जाणाऱ्या आकड्याचा जास्त. मोबाइल टेकवून अ‍ॅपवर मोजणारे बघितलेत. ती करमणूक म्हणून ठीक.

इथं थांबा

इथपर्यंत पाना, डायल आणि डोकं पुरतं. यापुढं खालीलपैकी काही असेल तर हात मागं घ्या आणि स्पिंडलचंच काम करणाऱ्याला बोलवा, कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू, जिथला खात्रीचा मिळेल तिथला.

ड्रॉबारच्या डिस्क स्प्रिंगा. त्या किलोन्यूटनात दाबलेल्या असतात. फिक्स्चरशिवाय नट सोडला तर ड्रॉबार बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. इथं मी कुणालाही "सांभाळून करा" असं सांगत नाही, करूच नका.

स्पिंडलचं काडतूस (कार्ट्रिज, म्हणजे बेअरिंगांसकट अख्खा स्पिंडल) हेडमधून खाली उतरवणं. हेडला मागून वजनाचा तोल असेल तर स्पिंडल निघताच हेड हलकं होऊन वर उसळतं. तोल नसेल आणि ब्रेक सैल असेल तर खाली येतं. हेडखाली लाकडी ओंडके आणि झेड बांधल्याशिवाय एकही बोल्ट नको.

स्पिंडलच्या आतली मोटर, १२,००० च्या पुढचा स्पीड, ऑइल-एअर वंगण, टेपरचं ग्राइंडिंग. ही घरची कामं नव्हेत.

आणि घरघर सुरू झाल्यावर "ही ऑर्डर निघू दे" म्हणून आठवडाभर रेटू नका. बेअरिंगचा पिंजरा तुटला की बॉल एकावर एक चढतात आणि आतला शाफ्ट चिरडला जातो. बेअरिंग मिळतं, शाफ्ट मिळायला महिने जातात.

उघडल्यावर जुनं बेअरिंग वाचा

रिबिल्ड कोणाकडूनही करून घ्या, पण जुनी बेअरिंगं परत मागून घ्या. भंगारात देऊ नका. कापून आतला बॉल फिरायचा मार्ग बघा.

बॉलच्या अंतरावर, ओळीनं, समान खड्डे असतील तर धडक. कोणी कितीही नाही म्हणू दे. तसेच पण उथळ, गंजलेल्या काठाचे डाग असतील तर मशीन बंद उभं असताना ओल आणि हादरा बसलाय. बॉल एकाच जागी उभे राहून थरथरतात आणि ग्रीस बाजूला सरकतं. शेजारी फाउंड्रीचा शेकआउट (साचा हादरवून कास्टिंग काढायचं मशीन) किंवा पॉवर प्रेस असेल तर सुट्टीत आपलं मशीन बंद असतानाही हे चालू असतं. म्हणून लांब सुट्टीत दर दोन दिवसांनी कोणी येऊन स्पिंडल दहा मिनिटं ५०० वर फिरवला तर बरं.

धुण्याच्या जुन्या फळीसारख्या बारीक, समांतर रेघा असतील तर बेअरिंगमधून वीज गेलीय. ड्राइव्हच्या करंटचा अर्थिंगला नीट रस्ता मिळाला नाही की तो बेअरिंगमधून उडी मारतो. इथं सिरॅमिक बॉलचं बेअरिंग घालून भागतं, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून मोटरचं आणि मशीनचं अर्थिंग तपासा. पावसाळ्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालायचा आणि उन्हाळ्यात पाणी ओतायचं विसरायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मार्ग निळा-तपकिरी आणि ग्रीस डांबरासारखं असेल तर ग्रीस जळालं: स्पीड जास्त, ग्रीस जास्त, किंवा बेल्ट जास्त ताणलेला. ग्रीस पांढरट, दह्यासारखं असेल तर पाणी.

बाहेरचं काय काय आत जातं, त्यावरून एक सांगतो. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हार घालतात, त्याच्या आदल्या दिवशी मशीन धुतात. एका शॉपमध्ये सलग दोन वर्षं दसऱ्यानंतर महिन्याभरात स्पिंडल गेला. दुसऱ्या वर्षी मी आदल्या दिवशीच जाऊन बसलो. दोन पोरं मशीनमध्ये शिरली, एकाच्या हातात डिझेलचा ब्रश, दुसऱ्याच्या हातात हवेची गन, आणि गनचं तोंड थेट नाकाच्या फटीत. वर्षभराचा भुसा सहा बारच्या हवेनं लॅबिरिंथच्या आत. मनापासून, भक्तीनं साफ करत होते बिचारे. तेव्हापासून त्या मशीनच्या नाकाला आदल्या दिवशी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बांधतात. हार पिशवीवरूनच.

रिबिल्ड करणाऱ्याला काय विचारायचं

माझी एक चूक सांगतो, मग प्रश्न कळतील. सुरुवातीच्या काळात मी एका शॉपमध्येच, टेबलवर वर्तमानपत्र अंथरून बेअरिंगं बसवली. मार्चचा वारा, मागं फाउंड्री. स्पिंडल तीन आठवडे चालला. पैसे परत केले आणि बेअरिंगचा सेट खिशातून गेला. बंद, स्वच्छ खोली नसेल तर उघडूच नये, हे मला तेवढ्या पैशात समजलं.

म्हणून पहिला प्रश्न: खोली दाखवता का?

दुसरा: बेअरिंग कुठून घेणार? पी-४ वर्गाची (जास्त अचूक), जुळवलेली सेट हवी. पेटीतल्या सगळ्या बेअरिंगांच्या बाहेरच्या रिंगांवर मिळून एक व्ही आकाराची खूण असते. ती त्याच क्रमानं, त्याच तोंडानं बसली पाहिजे. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यात नकली मालही फिरतो, अधिकृत विक्रेत्याचं बिल मागा.

तिसरा: गरम कसं करणार? इंडक्शन हीटर, ८० अंशांच्या आत. हिशेब करून बघा: ७०१४ बेअरिंगचा बोअर ७० मिलीमीटर, ४० अंशांनी तापवला तर ३०-३५ मायक्रॉन फुगतो. शाफ्टवर अलगद बसायला तेवढं पुरतं. गॅसची ज्योत किंवा हातोडा दिसला तर स्पिंडल उचलून घरी आणा.

चौथा: दोन बेअरिंगांमधल्या आतल्या आणि बाहेरच्या स्पेसरची (मधल्या रिंगांची) लांबी मोजली का? त्यांच्यातल्या फरकावर प्रीलोड ठरतो, आणि तो फरक मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा खेळ आहे. जास्त प्रीलोड तापतो, कमी प्रीलोड वाजतो.

पाचवा: ग्रीस किती? इतक्या स्पीडला बेअरिंगमधल्या रिकाम्या जागेच्या साधारण १५ टक्के, सिरिंजनं मोजून. "भरपूर घातलंय, काळजी नको" म्हणाला तर काळजी करा. जादा ग्रीस घुसळून तापतं. स्पीडचा ताण बघायचा तर बेअरिंगचा सरासरी व्यास गुणिले आरपीएम करा: ७०१४ ला ९० मिलीमीटर गुणिले १२,००० म्हणजे १० लाख ८० हजार. या पातळीला साधं चाकाचं ग्रीस म्हणजे आत्महत्या. स्पिंडलचंच ग्रीस हवं.

टेपर ग्राइंड केला असेल तर सहावा प्रश्न: किती घेतला? टेपर ७/२४ चा असतो, म्हणजे २४ मिलीमीटर लांबीला व्यास ७ मिलीमीटरनं बदलतो. व्यासात २० मायक्रॉन काढले तर टूल जवळजवळ ७० मायक्रॉन आत जातं. सगळे टूल ऑफसेट परत घ्यावे लागतील, टूल चेंजरची उंची आणि ड्रॉबार टूल बाहेर ढकलतो ते अंतर परत लावावं लागेल. हे न सांगता स्पिंडल परत आला तर पहिल्याच टूल चेंजला आर्म अडकतो.

रन-इन

नवीन ग्रीस बॉलच्या वाटेतून बाजूला सरकून आपली जागा धरेपर्यंत स्पिंडल घाईला येऊ नये. ५०० वर अर्धा तास, मग १,०००, २,०००, असं चढत. प्रत्येक टप्प्यावर नाकाचं तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं. मध्येच झपाट्यानं चढलं आणि ५५-६० च्या पुढं गेलं तर बंद, थंड होऊ द्या, एक टप्पा खालून परत. पूर्ण स्पीडला पोचायला आठ-दहा तास जातात. एक आख्खी शिफ्ट जाते म्हणून मालक तोंड वाकडं करतात. मी मशीनशेजारी खुर्ची टाकून बसतो, कारण मी उठलो की दोन तासांत ते जॉब चढवतात.

रोज सकाळचा वॉर्मअप वेगळा, तो पंधरा-वीस मिनिटांचा. आठवडाभर बंद मशीनला अर्धा तास. त्याचा छोटा प्रोग्रॅम करून कंट्रोलमध्ये ठेवा आणि पहिल्या शिफ्टच्या माणसाला शिकवा.

काम झालं की मी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहितो: तारीख, नाकाचं रनआउट, ३०० वरचं रनआउट, ड्रॉबारचा किलोन्यूटन, ५,००० ला अर्ध्या तासानंतरचं तापमान, ६,००० ला रिकाम्या फिरण्याचा लोड. तीन महिन्यांनी जाऊन तीच मापं खाली लिहितो, फी घेत नाही. मागच्या श्रावणात होनग्याच्या एका मशीनवर ड्रॉबारचा आकडा ९.५ वरून ७.८ वर आलेला सापडला. आवाज काहीच नव्हता. स्प्रिंगा मागवल्या, गणपतीच्या सुट्टीत बदलून घेतल्या.